घानात वाळत घातलेला जनरेटर

२०१५च्या आसपास माझा नवरा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात एक जनरेटर वाळवत बसला होता. मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी "मिस्टर बरेच दिवस दिसले नाहीत" असं विचारलं की मी हेच उत्तर द्यायचे. समोरची बाई आधी हसायची. मग मी हसत नाहीये हे तिच्या लक्षात यायचं.

"वाळवत म्हणजे काय हो?"

"पापड वाळवतात तसं. फक्त हा पापड खोलीएवढा आहे."

याहून जास्त सांगायचा मला तेव्हा कंटाळा यायचा. आता ते सगळं मागे पडलंय, तर एकदाच नीट सांगून टाकते.

नवरा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याच्या कंपनीचं ऑफिस मस्कतमध्येच कुरुमला आणि वर्कशॉप दोन-अडीच तासांवरच्या सोहार औद्योगिक वसाहतीत. मोठे डिझेल जनरेटर आणायचे, दुरुस्त करायचे, कंटेनरमध्ये बसवायचे आणि भाड्याने द्यायचे, हा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक ओमानमधलंच. वाळवंटातल्या तेलविहिरी, रस्त्यांच्या कामावरचे कॅम्प. मशीन सोहारला ट्रकवर चढलं की दोन दिवसांत कुठेतरी धुळीत धडधडत उभं असायचं.

घानात त्या काळात विजेचे हाल चालले होते. धरणांत पाणी कमी, गॅस वेळेवर मिळत नाही, वीजकेंद्रं अर्धी बंद. लोकांनी या प्रकाराला 'दुमसोर' असं नाव पाडलं होतं. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ 'बंद-चालू'. तुटवडा भरून काढायला भाड्याच्या जनरेटरवर चालणारी छोटी वीजकेंद्रं उभी राहत होती आणि त्यातल्या एकाचं काम आमच्या कंपनीला मिळालं. कुरुमच्या ऑफिसात केक कापला गेला. बायकामुलांनाही बोलावणं होतं. जनरल मॅनेजर म्हणाले, "आता आपण आफ्रिकेला प्रकाश देणार." केक बरा होता.

नवऱ्याने जायचं, समुद्रकाठच्या एका गावाजवळ सहा जनरेटर जोडायचे, चालू करून द्यायचे आणि परत यायचं. पाच-सहा आठवड्यांचं काम, असं ठरलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो गेला. मी त्याच्या बॅगेत तेवढ्याच दिवसांचं मेतकूट भरलं.

पाच जनरेटर लागले. रडतखडत, कधी एखाद्या पंपासाठी अडून, कधी डिझेलच्या टँकरची वाट बघत, पण लागले. त्यातच डिसेंबर उजाडला. सहावा लागेना.

सहाव्याचं दुखणं नवऱ्याने मला फोनवर इतक्यांदा समजावलं की आता मी ते झोपेतही सांगेन. जनरेटरमध्ये जिथे वीज तयार होते तिथे तांब्याच्या तारांची जाडजूड वेटोळी असतात. दमट हवेत मशीन बंद पडून राहिलं की ही वेटोळी ओल धरतात. तसंच मशीन चालू केलं तर वीज आतल्या आत उडी मारते आणि सगळं जळून जातं. म्हणून मशीन बंद असताना आत एक छोटा हीटर चालू ठेवायचा असतो. तो काही विशेष करत नाही, नुसती ऊब देतो.

आमच्या सोहारच्या वर्कशॉपमध्ये या हीटरची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळायची पद्धत होती. सगळ्याच मशीनची, वर्षानुवर्षं. जिथे दुपारी कंटेनरच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो, तिथून मशीनं आणखी कोरड्या जागीच जायची. तिथे हीटर कशाला, असं कुणालाही वाटेल. पण घानाला पाठवलेल्या सहापैकी पाच तिथल्या बंदरातून लवकर सुटले आणि सहावा कसल्याशा कारणाने अडकला. समुद्राच्या वाऱ्यावर, बंद कंटेनरमध्ये, हीटरला टेप लावलेल्या अवस्थेत तो कित्येक आठवडे तिथे पडून होता. बाहेर काढला तेव्हा आत बोट फिरवलं तर ओलं लागत होतं.

उपाय साधा होता. हीटर जोडायचा, आत मोठे बल्ब सोडायचे, वर ताडपत्री टाकायची आणि न थांबता ऊब देत राहायचं. अडचण 'न थांबता' या दोन शब्दांत होती.

"अरे, पण तुमचे पाच जनरेटर चालू आहेत ना? त्यातली घे की वीज." मी विचारलं. त्याची जेवणाची सुट्टी म्हणजे माझी चहाची वेळ, त्यामुळे आमची सगळी भांडणं चहाबरोबर व्हायची.

"डिझेल असलं की चालू. ते निम्मे दिवस नसतं. आणि नसतं तेव्हा गावातही लाइट नसते."

"म्हणजे वीजकेंद्रात वीज नाही?"

"नाही."

"मग एक छोटा जनरेटर आण. चार बल्बांपुरता."

"तोच तर कंपनीकडे मागतोय."

म्हणजे जनरेटरच्या कंपनीचा माणूस जनरेटर वाळवायला जनरेटर मागत होता आणि कंपनी तो देत नव्हती. मी चहा तसाच ठेवून उठले.

खरं म्हणजे ते मशीन वाळलं काय किंवा कुजलं काय, मला फरक पडला नसता. माझा जीव टांगला होता तो वेगळ्या गोष्टीला. ओमानचा रहिवासी परवाना असलेला परदेशी माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की त्याचा परवाना रद्द होतो. माझा आणि मुलीचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला जोडलेला. त्याचा गेला की आमचाही गेला. आणि मुलगी बारावीला. सहा महिने भरत होते मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि बोर्डाचा पहिला पेपरही त्याच आठवड्यात. तिची शाळा, परीक्षेचं केंद्र, प्रॅक्टिकल्स सगळं मस्कतला. ऐन परीक्षेत आम्हाला सामान बांधायला सांगितलं असतं तर वर्ष गेलं असतं.

"परत नवीन व्हिसा काढतील की," असं मला दोन-तीन शहाण्यांनी सांगितलं. परदेशी माणसाला नवा व्हिसा मिळणं तेव्हा दिवसेंदिवस कठीण होत चाललं होतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण दुसऱ्याच्या बाबतीत लोक फार आशावादी असतात.

जानेवारीत मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "विमानात बस आणि ये."

"अगं, मधेच सोडलं तर सगळं परत ओलं होईल."

"होऊ दे."

"होऊ दे काय? माणसं वाट बघतायत इथे. दवाखान्यात मेणबत्त्या लावतात."

"मला कळतंय. पण तुझ्या जनरेटरला व्हिसा लागत नाही. आपल्याला लागतो."

"दोन आठवडे दे."

"हे तू डिसेंबरातही म्हणाला होतास."

"तेव्हा माझ्याकडे बल्ब कमी होते."

अशा माणसाशी काय बोलणार? शिवाय तिकीट कंपनीने काढायचं, आणि कंपनीचं म्हणणं होतं की सहावा चालू केल्याशिवाय तिकीट नाही. तेव्हा मी गाडी काढली आणि अल मवालेहच्या आमच्या घरून सरळ कुरुमला गेले.

जनरल मॅनेजर मुंबईचे. मला बघून उभे राहिले.

"वहिनी! या, या. कशाला त्रास घेतलात? फोन करायचा."

"केला होता. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. रोज."

"हो ना, फार बिझी चाललंय. चहा?"

"नको. त्याला एक छोटा जनरेटर घेऊन द्या. तिथे दुकानात मिळतो म्हणे. प्रत्येक टपरीबाहेर एक धूर सोडत उभा असतो."

त्यांनी दुखावल्यासारखा चेहरा केला. "वहिनी, आपण जनरेटर कंपनी आहोत. आपणच बाजारातून जनरेटर घ्यायचा? क्लायंटने बघितलं तर काय इम्प्रेशन पडेल? आपलं यार्ड भरलंय. मी सोहारहून पाठवतोय ना."

"कसा?"

"जहाजाने."

"पोचणार कधी?"

"इन्शाल्ला, एप्रिल."

"एप्रिलमध्ये आम्ही पुण्यात असू. फर्निचरसकट."

"पॉझिटिव्ह राहा, वहिनी."

मी पॉझिटिव्ह राहिले नाही. "मग त्याच्या जागी दुसरा इंजिनिअर पाठवा," असं म्हटलं. त्यावर ते म्हणाले की दुसऱ्याला घानाचा व्हिसा काढायला वेळ लागेल, आणि तसंही त्या मशीनची नस यालाच कळली आहे. याला कौतुक म्हणतात. ते ऐकून घरी आले.

त्यातून सुट्ट्यांचा घोळ. ओमानात शुक्रवार-शनिवार बंद, घानात शनिवार-रविवार. गुरुवारी दुपारी कुरुमचं ऑफिस रिकामं व्हायचं. शुक्रवारी घानाहून उत्तर यायचं, ते इकडे रविवारी वाचलं जायचं. त्यावर प्रश्न विचारला जायचा, तो तिकडे सोमवारी पोचायचा. त्यात घड्याळाचा चार तासांचा फरक. हे इकडे कामाला लागलेले असताना ते तिकडे अजून झोपलेले आणि ते जेवून ताजेतवाने झाले की इकडे लोक घरी निघालेले. एक साधा होकार मिळायला आठवडा जायचा, आणि तो आला की कळायचं की होकार भलत्याच गोष्टीला दिलाय.

पुढच्या आठवड्यात मी सोहारला गेले. तो छोटा जनरेटर जहाजाऐवजी विमानाने पाठवता येतो का, हे मला तिथल्या फोरमनना विचारायचं होतं. हे फोरमन रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. आमचा जुना घरोबा. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडून चकल्या जायच्या. मी पोचले तेव्हा ते एका कंटेनरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"वहिनी, तुमी? हितं? ए, पंखा इकडं फिरव रे!"

"चाचा, आधी एक सांगा. हीटरची वायर तुम्ही काढलीत?"

"मी कशाला काढतो? पोरांनी काढली. मी फक्त सांगितलं."

"का पण?"

"अवो, ह्या गरमीत आपणच हीटर झालेले. मशीनला आनि कशाला? आजपर्यंत एकाची तरी तक्रार आली काय? वाळवंटात गेलेलं मशीन कधी ओलं हून परत आलं काय?"

"हे घानाला चाललं होतं, चाचा."

"मशीनवर काय लिवलेलं असतं, ह्ये घानाला चाल्लं म्हनून?"

"लिहिलेलं होतं. मोठ्ठ्या अक्षरांत. त्याच्यासमोर उभं राहून तुम्ही फोटो काढलात."

चाचांनी जरा विचार केला. "तो फोटू चांगला आलाय."

मी विमानाचं विचारलं. त्यांनी हाताने यार्डाच्या कोपऱ्याकडे दाखवलं. घानाला जायचा छोटा जनरेटर तिथे उभा होता. जहाज कधीचं आहे, असं विचारल्यावर ते म्हणाले की अजून जहाजच ठरलेलं नाही तर विमान कुठलं, ऑफिसातून कागद आला की ठरेल. म्हणजे एप्रिलसुद्धा खरा नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं. त्याच्याही हीटरची वायर काढून टोकाला टेप लावलेली होती.

"चाचा!"

"पोरांची सवय, वहिनी. थांबा, आताच जोडायला लावतो. यल्ला, यल्ला रे!"

परतीच्या वाटेवर मी रेडिओसुद्धा लावला नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवऱ्याचा फोन आला. आवाजातच आनंद होता. "मिळाला! जनरेटर मिळाला. भाड्याने!"

"कुणाकडून?"

"इथे एक मयतीचं सामान भाड्याने देणारा आहे."

मला वाटलं उन्हाने याचं डोकं फिरलं. पण तसं नव्हतं. त्या भागात माणूस गेला की अंत्यविधी शनिवारी होतो आणि मोठा होतो. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, शेकडो माणसं. विजेचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक मांडवाबरोबर जनरेटर. या माणसाकडे असे जनरेटर होते आणि आठवड्याच्या मधे ते रिकामेच असायचे. कंपनीला विकत घेणं कमीपणाचं वाटत होतं, पण किरकोळ भाडं साइटच्या खर्चात टाकलं तर कुरुमला कुणी विचारणार नव्हतं.

"छान. मग आता वाळेल ना?"

"वाळतोय. फक्त तो शुक्रवारी सकाळी परत न्यावा लागतो. शनिवारी मयती असतात. सोमवारी परत मिळतो."

मशीन आतून किती वाळलंय ते सांगणारं एक यंत्र असतं, मेगर म्हणतात. गुरुवारी त्याचा काटा चांगला वर यायचा. सोमवारी बघितलं तर खाली. परत चढवायचा, परत उतरायचा. कोरड्या वाऱ्याची काय ती एक आशा होती. त्या दिवसांत उत्तरेच्या वाळवंटाकडून वारा सुटतो, तो आला की सगळं आपोआप वाळेल असं तिथे सगळेच म्हणत होते. तो आला. धूळ घेऊन आला आणि समुद्राजवळ पोचेपर्यंत त्याचा दम संपला.

दुसऱ्या आठवड्यातही काटा उतरल्याचं ऐकलं तेव्हा मी विचारलं, "मयतवाला सोमवारीच का देतो? शनिवारी मयती आटोपल्या की रविवारी त्याचा जनरेटर रिकामाच असेल."

"रविवारी सकाळी देईल कदाचित. पण शुक्रवार-शनिवारचं काय?"

"तुमच्या तिथे रविवारी काय असतं?"

"चर्च."

"चर्चला जनरेटर असेल ना?"

"आहे. मोठा आवाज करतो."

"मग तो शुक्रवारी आणि शनिवारी काय करतो?"

मग त्याने कुणाला तरी हाक मारली आणि फोनवर एक बाई आली. तिथल्या वीजकेंद्राची इंजिनिअर. पन्नाशीची असावी. तिला सगळे मॅडम म्हणतात हे मला माहीत होतं, आणि नवरा तिच्याबद्दल जरा घाबरूनच बोलतो हेही. आम्ही इंग्रजीत बोललो.

"चर्चचं मी बघते," ती म्हणाली. "पाद्री माझ्या ओळखीचे आहेत. पण तू तुझ्या नवऱ्याला घरी का बोलावत नाहीस? मी त्याला रोज सांगते, तू जा, राहिलेलं मी करते. तो माझ्या मशीनशी बायकोपेक्षा जास्त बोलतो."

"माझ्याशीही तो तुमच्या मशीनबद्दलच बोलतो."

ती मोठ्याने हसली. त्या सहा महिन्यांत मला पहिल्यांदा असं वाटलं की कुणीतरी जागेवर आहे.

पाद्री तयार झाले, पण एका अटीवर. पाहुण्या इंजिनिअरने रविवारी प्रार्थनेला येऊन चार शब्द बोलायचे. माझा नवरा आमच्या सोसायटीच्या गणपतीला माइक हातात दिला तर घाम फुटणारा माणूस. तो तिथे शंभर-दोनशे लोकांसमोर उभा राहिला आणि मशीन वाळू दे एवढंच म्हणाला. लोकांनी त्यावर जोरात 'आमेन' म्हटलं. हे सांगताना तो फार खूश होता. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला. "बाबा, दॅट्स ग्रेट, पण फिजिक्सचे दोन चॅप्टर्स बाकी आहेत. तू केव्हा येतोस?" तो म्हणाला, "लवकर."

त्यानंतर काटा चढला आणि चढलेला राहिला. पण तो त्याच्या गतीने चढत होता. फेब्रुवारीचा शेवट आला तरी जिथे पोचायला हवा तिथे पोचला नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, अजून दहा-बारा दिवस. माझ्याकडे दहा-बारा दिवस नव्हते. मी परत कुरुमला गेले. जनरल मॅनेजर म्हणाले, "एवढं थांबलाय तर आता शेवटी कशाला सोडायचं? परवान्याचं आपण मॅनेज करू. इन्शाल्ला काही होणार नाही."

"काही झालं तर?"

"वहिनी, तुम्ही फार टेन्शन घेता."

मी त्यांना सांगितलं की मला अर्बाबना भेटायचं आहे. कंपनीचे ओमानी मालक त्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत बसायचे. जनरल मॅनेजरना ते आवडलं नाही, पण अडवायचं कसं हे त्यांना सुचलं नाही. तेवढ्यात मी निघालेही होते.

अर्बाब म्हातारे, शांत. जुन्या मस्कतच्या बऱ्याच लोकांसारखं त्यांना चांगलं हिंदी यायचं. त्यांनी मला बसवलं, खजूर पुढे केले, छोट्या कपात कहवा ओतला. घरची सगळी मंडळी बरी आहेत का, हे विचारून झालं. गाडीत बसल्यापासून मी ठरवलं होतं की मुलीची परीक्षा, संसार, यातलं काही काढायचं नाही. जनरल मॅनेजरपुढे ते काढून झालं होतं आणि त्यांनी मान हलवली होती, बस. तेव्हा मी सरळ सांगितलं की माझ्या नवऱ्याचा परवाना येत्या आठवड्यात रद्द होईल. तो रद्द झाला की तुमच्या कंपनीची एका परदेशी इंजिनिअरची जागा जाईल. ती परत मिळवायला नवी परवानगी लागेल आणि हल्ली ती मिळत नाही. एका मशीनसाठी तुम्ही एक इंजिनिअर कायमचा घालवणार आहात, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?

त्यांनी कप खाली ठेवला. "किसी ने नहीं बोला।"

मग त्यांनी जनरल मॅनेजरना आत बोलावलं. अरबीत काहीतरी विचारलं. उत्तर लांबलचक होतं. अर्बाबनी हात वर करून ते थांबवलं आणि माझ्यासाठी मुद्दाम हिंदीत म्हणाले, "इंजीनियर को वापस बुलाओ। एक महीना इधर रहेगा। खलास।"

"और मशीन, अर्बाब?" जनरल मॅनेजर म्हणाले.

"उधर कोई इंजीनियर नहीं है क्या?"

"है," मी म्हटलं. "एक मॅडम है। बहुत अच्छी है।"

तिकीट त्याच दुपारी निघालं. एवढ्या महिन्यांत जे होत नव्हतं ते कहवा गार व्हायच्या आत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र फक्त चीड आली.

नवऱ्याला हे मी फोनवर कळवलं.

"तू अर्बाबकडे गेलीस?"

"गेले."

"काटा अगदी जवळ आलाय गं."

"मॅडमना दाखव कुठे पोचायला हवा ते."

"त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे," तो म्हणाला. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं, असं मला वाटतं.

मुदत संपायला दोन दिवस असताना तो मस्कतला उतरला. मी विमानतळावर काचेच्या दारापाशी उभी होते आणि आत खिडकीवरचा माणूस त्याचं परवान्याचं कार्ड किती वेळ हातात धरून बसतो याची कल्पना करत होते. तो बाहेर आला. बारीक झालेला, केस वाढलेले. आम्ही दोघं आधी कार्डाबद्दलच बोललो. काही विचारलं नाही म्हणाला, नुसता शिक्का मारला.

गाडी पार्किंगमधून बाहेर काढतेय तोच त्याचा फोन वाजला. जनरल मॅनेजर. आवाज मलाही ऐकू येत होता.

"वेलकम बॅक, बॉस! आता तुमचे सहा महिने परत नव्याने सुरू झाले. बेस्ट झालं. दोन दिवस आराम करा, मी रविवारचं तिकीट बघतो. अर्बाबना मी समजावीन."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लगेच कळलं. त्याला जायचं होतं. मी गाडी कडेला घेतली, फोन त्याच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "अर्बाब एक महिना म्हणालेत. तुम्ही समजवा त्यांना. मग आम्हाला सांगा." फोन परत दिला आणि गाडी पुढे घेतली.

अर्बाबनी ऐकलं नाही. नवरा राहिला. मुलीचा पहिला पेपर झाला, दुसरा झाला. तो तिचं फिजिक्स घेत होता. नीट घेत होता, आणि मधेच फोन बघत होता. फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडमचा व्हिडिओ आला. सहावा चालू झाला होता. कंटेनरच्या बाजूला चार-पाच माणसं टाळ्या वाजवत होती. मॅडम हिरव्या हेल्मेटमध्ये, मोबाइलकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होती, बहुधा नवऱ्याचं नाव. मशीनच्या धडधडाटात ऐकू येत नव्हतं.

त्याने तो व्हिडिओ परत लावला. मग परत. आवाज वाढवून.

"बाबा, प्लीज! व्हॉल्यूम!" मुलगी वैतागली. "माझा उद्या पेपर आहे."

"एक मिनिट. हा आवाज ऐक. हा मागे टिकटिक येतोय ना? तो यायला नको. मी असतो तर आधी तो बघितला असता."

"चाललंय की छान," मी म्हटलं.

"चाललंय. छानच चाललंय." त्याने फोन उलटा ठेवला. "पण मी नव्हतो."

"नव्हतास. इथे होतास."

"हो."

"परवाना गेला असता तर चाललं असतं का?"

"नसतं चाललं," तो म्हणाला. "मला कळत नाही का ते? नसतंच चाललं. पण..."

त्या 'पण'च्या पुढचं ऐकून घ्यायला मी थांबले नाही. मुलीच्या उद्याच्या पेपरसाठी पेनं आणायची राहिली होती. मी गाडीची किल्ली उचलली आणि निघाले.